पार्टिशन (हार्ड डिस्कचे)

पार्टिशन : संगणकाच्या हार्ड डिस्कवरील किंवा एसएसडीवरील (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये साठवण करणाऱ्या डिस्कवरील) सलग जागेचा, आरंभ आणि लांबी नोंदवून वेगळा धरलेला भाग. विंडोज अशा भागांना सी, डी, ई अशी अक्षरे देते आणि घरोघरी त्यांना 'ड्राइव्ह' म्हटले जाते. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून हार्ड डिस्कची मोजणी सीपासून सुरू झाली. फ्लॉपी गेली, क्रम तसाच राहिला. डिस्कचे भाग करण्याला बोलीत 'पार्टिशन पाडणे' म्हणतात.

सोलापूरच्या वाचकाला ही गोष्ट मागावरून चटकन कळेल. मागाच्या बीमवर (रुळावर) गुंडाळलेला उभ्या धाग्यांचा ताणा एकच आणि सलग असतो. त्यावर एकामागून एक चादरी विणल्या जातात, आणि एक कुठे संपली हे मधल्या खुणेवरून ओळखतात. पुढे चादरी कापून वेगळ्या होतात. डिस्क मात्र कधीच कापली जात नाही. ती कायम बीमवरच्या ताण्यासारखी एकसंध राहते, फक्त खुणा हलतात. त्यामुळे 'सीला काही झाले तरी डी सुरक्षित' हा पूर्व भागातल्या कारखान्याच्या कचेरीपासून नव्या पेठेतल्या दुकानापर्यंत पक्का बसलेला समज अर्धाच खरा आहे. विंडोज बिघडले तर डी वाचतो. डिस्कच बिघडली तर सी, डी, ई सगळे एकदम जातात.

खुणांची ही नोंद डिस्कच्या सुरुवातीला एका तक्त्यात असते. जुनी पद्धत एमबीआर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, १९८३ साली डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर आली. पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधील (डिस्कच्या लहानात लहान कप्प्यातील) केवळ ६४ बाइट या तक्त्याला मिळतात आणि प्रत्येक नोंदीला १६ बाइट लागतात. म्हणून मुख्य पार्टिशन चारच होऊ शकतात. अधिक हवी असल्यास चारांपैकी एकाला 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात 'लॉजिकल' भाग पाडावे लागत. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ही पद्धत सुमारे २ टीबीपलीकडची जागा मोजूच शकत नाही. नव्या संगणकांत यूईएफआय या संगणक सुरू करणाऱ्या नव्या व्यवस्थेबरोबर आलेली जीपीटी पद्धत असते. तीत विंडोज १२८ पर्यंत पार्टिशन पाडू देते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पहिला तक्ता खराब झाला तरी दुसऱ्यावरून तो उभा करता येतो. एवढ्या एका कारणासाठीही नव्या डिस्कवर जीपीटीच निवडावी.

विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट हे पार्टिशन दाखवणारे साधन उघडल्यावर अक्षर नसलेले छोटे भागही दिसतात आणि 'ही वाया गेलेली जागा कसली?' असा प्रश्न पडतो. त्यांतला ईएफआय हा बहुधा १०० एमबीच्या आसपासचा भाग संगणक सुरू करणाऱ्या फायली ठेवतो; तो उडवला तर सीमध्ये सगळे शाबूत असूनही विंडोज उघडत नाही. काही शे एमबीचा रिकव्हरी भाग दुरुस्तीसाठी असतो. दोन्हींना हात लावू नये. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, तीही चोरी नव्हे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत.

विंडोज एक्सपीच्या काळात ८० जीबीच्या डिस्कचे २०-२० जीबीचे चार भाग पाडण्याची रीत होती. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामाचे, ईमध्ये गाणी, एफमध्ये मुलांचे गेम. त्या काळी सीला २० जीबी पुष्कळ होते. आज विंडोज ११ लाच किमान ६४ जीबी साठवण लागते, वर अपडेट वेगळे. तरी जुन्या सवयीने सीला आखडून जागा दिली जाते आणि वर्षभरात 'सी फुल झाला, डी रिकामा पडलाय' ही तक्रार येते. ५०० जीबीच्या एसएसडीवर सीला १५० ते २०० जीबी द्यावेत, उरलेला एकच डी करावा. एकच पार्टिशन ठेवून फोल्डरांत नीट मांडणी केली तरीही बिघडत नाही. भाग पाडल्याने एसएसडीचा वेग वाढत नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर बाहेरच्या कडेचा भाग जलद वाचला जातो आणि सी तिथून सुरू होतो, इतकाच काय तो फायदा होता.

खरी गफलत मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर सीमध्येच असतात. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल समोर दिसते म्हणून ती सुरक्षित वाटते, आणि 'फॉरमॅट मारला' की पहिल्यांदा तीच जाते. सूत व्यापाऱ्याच्या टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा, जागा बदलून दिली नसेल तर, बहुतेक वेळा सीवरच असतो. मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही लिप्यांत लग्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याच्या पत्रिका डीवर राहतात, पण फाँट विंडोजच्या फोल्डरात म्हणजे सीवर बसवलेले असतात. फॉरमॅटनंतर पत्रिका उघडते आणि अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हे दिसतात. फाँटच्या मूळ फायली डीवर जपून ठेवल्या तर ऐन लगीनसराईतला हा मनस्ताप वाचतो. डॉक्युमेंट्स फोल्डर डीवर हलवायचा असेल तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील लोकेशन बदलावे. पण आधी डीमध्ये स्वतंत्र फोल्डर तयार करून तो निवडावा, थेट डी निवडू नये. तसे केल्यास सगळा डीच डॉक्युमेंट्स बनतो आणि ते निस्तरणे किचकट असते.

पार्टिशन लहानमोठे करण्याची सोय व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. 'श्रिंक व्हॉल्यूम'ने भाग आखडतो आणि सुटलेली जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' म्हणून दिसते. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'ला मात्र ही मोकळी जागा त्याच डिस्कवर लगेच उजवीकडे लागते. डी आखडला तर जागा डीच्या उजव्या टोकाला सुटते, सीला ती मिळत नाही. मध्ये डी उभा असतो. कित्येकदा सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी भाग येतो, तेव्हाही हे बटण फिकेच राहते. अशा वेळी डीमधले सगळे दुसरीकडे उतरवून, डी काढून, सी वाढवून पुन्हा डी पाडणे हा लांबचा पण भरवशाचा मार्ग. जीपार्टेडसारखे प्रोग्राम भाग सरकवूही शकतात, पण त्यात प्रत्येक बाइट जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला जातो आणि त्याला तास लागतात. मध्येच वीज गेली तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे अशी स्थिती होते. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे असताना आणि विजेचा भरवसा नसताना, यूपीएसशिवाय डेस्कटॉपवर हे काम हाती घेऊ नये. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असूनही चार्जर लावलेला असावा. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असू शकते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी.

प्रत्येक पार्टिशनची आतली मांडणी म्हणजे फाइल सिस्टिम. विंडोजसाठी एनटीएफएस, लिनक्ससाठी बहुधा ईएक्सटी४, पेन ड्राइव्हसाठी एक्सफॅट. फॅट३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. लग्नाचे शूटिंग पेन ड्राइव्हवर जात नाही ते यामुळे. विंडोजसोबत लिनक्स बसवायचे तर त्याला वेगळे पार्टिशन द्यावे लागते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यानंतर जुन्या संगणकांसाठी ही वाट अनेकांच्या उपयोगाची आहे.

चुकून पार्टिशन उडाले तर पहिले काम म्हणजे संगणकावर काहीही नवीन न लिहिणे. पार्टिशन काढताना तक्त्यातली नोंद जाते, आतला मजकूर बहुधा तसाच असतो. क्विक फॉरमॅटही केवळ नवी रिकामी अनुक्रमणिका लिहितो. म्हणून टेस्टडिस्कसारखा मोफत प्रोग्राम हरवलेल्या भागाच्या सीमा शोधून नोंद परत लिहू शकतो. पूर्ण फॉरमॅटनंतर मात्र आशा नाही, कारण व्हिस्टापासून तो सगळीकडे शून्ये लिहितो. एसएसडीवर ट्रिम ही सोय फॉरमॅट केलेली जागा लवकर साफ करत असल्याने तिथेही शक्यता कमीच. गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो, आजोबांच्या सत्तरीचा व्हिडिओ अशा गोष्टी डीवर 'सेफ' ठेवून मोबाइलमधून पुसल्या जातात, तेव्हा त्यांची एकच प्रत उरलेली असते. दुसरी प्रत दुसऱ्या पार्टिशनवर नव्हे, दुसऱ्या डिस्कवर असावी. आणि ती डिस्क कॉपी झाल्यावर संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी, म्हणजे व्हायरस आला किंवा विजेचा दाब एकाएकी वाढला तरी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.