मिड-करिअर पत्रकारांसाठी विद्यापीठाची फेलोशिप: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

रोजच्या डेडलाइनमध्ये एखादा विषय मुळापासून समजून घ्यायला वेळच मिळत नाही, असं ज्यांना सतत वाटतं त्यांनी हे जरूर वाचा. हार्वर्डची नीमन फेलोशिप १९३८ पासून चालू आहे, दोन सेमिस्टरची असते, ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटची त्याहून कमी मुदतीची. दोन्हीकडे पत्रकारितेचा निदान ५ वर्षांचा अनुभव लागतो, फ्रीलान्सरही चालतात, इंग्रजी मात्र चांगलं हवं. नीमनला कॉलेजची डिग्री असायलाच हवी असं नाही, आणि शेवटी डिग्री मिळतही नाही, स्टायपेंड मिळतो आणि हवे ते क्लास करता येतात. जोडीदारालाही क्लासला बसता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं!

कागदपत्रं म्हणजे सीव्ही, स्वतःबद्दलचं निवेदन, अभ्यासाचा प्लॅन, कामाचे नमुने आणि शिफारसपत्रं. माझ्या मते सगळा खेळ प्लॅनवर आहे. "मला हवामान बदलाचा अभ्यास करायचाय" असं लिहिलं तर तो नुसता विषय झाला, पण "पूर ओसरल्यावर नुकसानभरपाईच्या याद्या कोण बनवतं, त्यातून भाडेकरू का गळतात, आणि हे तपासायला मला कायदा आणि डेटा दोन्ही शिकायचंय" असं लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की ह्या माणसाने फिल्डवर काम केलंय, कुठे अडलाय, आणि विद्यापीठातच का यायचंय.

नमुने मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि त्याला वाटतं त्यापेक्षा खूप वेळ जातो, म्हणून दोन महिने आधीच बसा. मोठ्या पुरस्काराची बातमी टाकण्यापेक्षा जिच्यासाठी तुम्ही खरंच पायपीट केलीत ती टाका.

शिफारस मोठ्या नावाच्या माणसाकडून घ्यायचा मोह होतो, पण ज्या संपादकाने तुमची कॉपी रात्री अकराला बसून तपासलीय त्याचं पत्र जास्त बोलतं. त्यांना तुमचा प्लॅन आधी वाचायला द्या, नाहीतर पत्र एकीकडे आणि अर्ज दुसरीकडे असं होतं. पत्रं ते स्वतः ऑनलाइन अपलोड करतात, तेव्हा मुदतीच्या आठवडाभर आधी एक फोन कराच.

नोकरीत असाल तर रजेचं बोलणं अर्ज भरायच्या आधीच करून घ्या, निवड झाल्यावर नाही.