आजारी नसलेल्या भावंडांकडून काय कळलं?

स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, घराण्यात चालत येतो, ही शंका जुनी आहे. तिचा पहिला मोठा, आकडेवारीवर आधारलेला अभ्यास १९१६ साली म्युनिकमध्ये एर्न्स्ट र्‍यूडिनने केला. रुग्णांच्या सख्ख्या भावंडांमध्ये आजाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं, पण मेंडेलच्या सरळ हिशोबात ते बसेना. आनुवंशिकतेचं गणित सुटलेलं नव्हतं, तरी याच र्‍यूडिनने नाझी राजवटीच्या १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्यावर अधिकृत भाष्य लिहिण्यात भाग घेतला. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली आणि आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. रुग्णांच्या नातेवाइकांवरच्या संशोधनाबद्दल जपून बोलावं लागतं, ते यामुळे.

महायुद्धानंतर ‘दोष आईच्या वागण्यात आहे’ असं म्हणण्याची लाट आली. तिला धक्का दिला तो लेनर्ड हेस्टन यांच्या १९६६ च्या ऑरेगनमधल्या अभ्यासाने. आजारी मातांपासून जन्मतःच दूर झालेल्या ४७ मुलांपैकी ५ जणांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला. तुलनेसाठी घेतलेल्या ५० जणांत एकालाही नाही. साधारण लोकसंख्येत शंभरात एकाच्या आसपास असलेला धोका रुग्णाच्या सख्ख्या भावंडात नऊ-दहापर्यंत जातो. एकसारख्या जुळ्यांत मात्र तो निम्म्याच्या आसपास थांबतो. जनुकं तीच असूनही दुसरं जुळं अनेकदा ठणठणीत राहतं. मग वारशाने येतं ते नेमकं काय?

अर्व्हिंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलं, की जनुक आणि आजार यांच्या मधला, डोळ्यांना न दिसणारा पण मोजता येणारा एखादा दुवा शोधावा. तो निरोगी नातेवाइकांतही सापडायला हवा. माझ्या मते या कथेतलं खरं वळण हेच. रुग्णाच्या मेंदूत काही वेगळं दिसलं, तर ते आजारामुळे की वर्षानुवर्षांच्या औषधांमुळे, हे सांगणं कठीण. गोळी न घेतलेल्या भावाबहिणीच्या बाबतीत तो घोळ नाही.

या दुव्याच्या शोधात वर्किंग मेमरी पुढे आली. हातचा लक्षात ठेवून पुढची बेरीज करताना जी वापरतो, ती. येल विद्यापीठात पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांनी माकडांवर दाखवलं होतं, की समोरचा ठिपका नाहीसा झाल्यावरही त्याची जागा ध्यानात धरून ठेवणाऱ्या पेशी मेंदूच्या पुढच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये असतात. सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांनी तीच परीक्षा माणसांना दिली. ठिपका दिसतो, विझतो, मध्ये लक्ष दुसरीकडे वळवलं जातं आणि मग तो होता तिथे नजर न्यायची. रुग्ण चुकत होते. १९९५ मध्ये या तिघांनी मिळून दाखवलं, की त्यांचे निरोगी नातेवाईकही इतरांपेक्षा जास्त चुकतात.

काम करताना मेंदूचा कोणता भाग किती राबतो हे दाखवणारा एफएमआरआय स्कॅन आल्यावर गोष्ट आणखी गुंतली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जोसेफ कॅलिकॉट आणि सहकाऱ्यांनी भावंडांना ‘एन-बॅक’ दिलं: पडद्यावर आकडे येत राहतात आणि दोन पायऱ्यांपूर्वी कोणता होता ते बटण दाबून सांगायचं. २००३ साली छापलेल्या निष्कर्षात भावंडांची उत्तरं इतरांइतकीच बरोबर होती. पण तेवढ्याच गुणांसाठी त्यांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा उजवा भाग जास्त राबत होता. पुढे २००९ मध्ये नातेवाइकांत आणखी एक गोष्ट दिसली. रिकामपणी मनात विचार घोळत असताना चालू असणारं मेंदूतलं जाळं काम सुरू झाल्यावर मंदावायला हवं. त्यांच्यात ते पुरेसं मंदावत नव्हतं. पुढच्या अभ्यासांत सगळीकडे ‘जास्त राबणं’च दिसलं असं नाही, काही ठिकाणी, काही भागांत उलट कमी हालचाल मिळाली.

जनुकाचा शोध मात्र भलतीकडे गेला. २००१ मध्ये डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं विघटन करणाऱ्या ‘कॉम्ट’ जनुकाकडे मोठ्या आशेने बोट दाखवलं गेलं. २०१४ च्या जागतिक पाहणीत १०८ जनुकीय ठिकाणं सापडली, त्यांत कॉम्ट नव्हतं.

आपल्याकडे लग्न ठरवताना ‘घरात कुणाला आहे का’ हे हळूच विचारलं जातं, म्हणून एवढं सांगायला हवं: हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. नातेवाइकांचे आणि इतरांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, की एखाद्याचा स्कॅन पाहून तो कोणत्या घरचा हे सांगता येत नाही. त्याला पुढे आजार होईल की नाही, हे तर नाहीच.