जिथे हृदयाला भोक पाडावं लागतं

‘बाळाच्या हृदयाला भोक आहे’ या वाक्याने आपल्याकडे घरंच्या घरं हादरतात. पण एका जन्मजात दोषात बाळ जगतं ते भोक असतं म्हणूनच. तो दोष म्हणजे ट्रान्सपोझिशन, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल. शरीरातून आलेलं काळपट रक्त फुप्फुसाकडे न जाता पुन्हा शरीरातच जातं, आणि फुप्फुसातलं लाल रक्त फिरून फुप्फुसात. गर्भातल्या दोन वाटा जन्मानंतर थोडे दिवस उघड्या राहतात, तेवढीच काय ती सरमिसळ. त्या मिटू लागल्या की ओठ, नखं निळी पडतात.

लंडनच्या मॅथ्यू बेलीने १७९७ मध्ये हे लिहून ठेवलं. पुढची दीडशे वर्षं डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं.

१९५० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या ब्लॅलॉक आणि हॅनलन या शल्यविशारदांनी उफराटा वाटणारा उपाय मांडला: वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मुद्दाम खिडकी पाडायची. कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया बसवली ती ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेतले साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी. कृष्णवर्णीय, सुतारकाम शिकलेले, वैद्यकीय पदवी नसलेले. निबंधाच्या लेखकांत त्यांचं नाव नाही, यात नवल ते काय!

१९६६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी छाती उघडण्याची गरजच संपवली. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात न्यायची, पडद्यापलीकडे टोकाचा फुगा फुगवायचा आणि एका हिसक्यात मागे खेचायचा. पडदा फाटतो, बाळाचा रंग पालटतो.

दरम्यान सेनिंग आणि मस्टर्ड या शल्यविशारदांनी वरच्या कप्प्यांतच रक्ताची वाट वळवली होती. मुलं मोठी झाली, पण खालचा उजवा कप्पा आयुष्यभर डाव्याचं काम ओढून थकू लागला. खरी दुरुस्ती म्हणजे वाहिन्याच कापून आपापल्या योग्य जागी शिवणं. ती साधली १९७५ मध्ये साओ पाउलोत, आदिब जाटेने यांना. (हे गृहस्थ पुढे ब्राझीलचे आरोग्यमंत्रीही झाले.) अडचण मोठ्या वाहिन्यांची नव्हतीच, हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या मिलिमीटरभर जाडीच्या धमन्यांची होती. त्याही उचलून नव्या जागी जोडाव्या लागतात. एखादी जराशी पिळली तरी सारं फुकट.

ही शस्त्रक्रिया आता शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच करतात, कारण फुप्फुसाकडच्या कमी दाबाची सवय झालेला खालचा डावा कप्पा नंतर अशक्त होतो. तोवर रक्ताची सरमिसळ कमी पडली, तर रॅशकिंडचा हिसका आजही देतात. मग ऑपरेशनच्या टेबलावर तेच भोक टाके घालून बुजवतात.