नायजेरियातल्या छोट्या जमातींनी राज्य मागितलं होतं

नायजेरियात स्टेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घ्यायचं किंवा राज्य सरकारच्या नोकरीचा फॉर्म भरायचा तर बऱ्याच ठिकाणी आधी लोकल गव्हर्न्मेंटच्या ऑफिसातून इंडिजिन सर्टिफिकेट आणावं लागतं. ऐकायला आपल्या डोमिसाइलसारखं वाटतं पण तसं नाहीये, तिथे किती वर्षं राहताय हे कोणी विचारत नाही, आजी-आजोबा इथल्या मूळ जमातीतले होते का ते विचारतात. जोस शहरात कित्येक पिढ्या राहिलेल्या हाउसा कुटुंबांनाही ते मिळवताना नाकीनऊ येतात, आणि मूळचे कोण, उपरे कोण याच भांडणात २००१ मध्ये तिथे शेकडो माणसं मेली. हे सगळं कळायला इंग्रजांच्या काळापर्यंत मागे जावं लागतं.

१९१४ मध्ये इंग्रज गव्हर्नर लुगार्डने उत्तर आणि दक्षिण जोडून एक वसाहत केली, पुढे १९५४ च्या घटनेने तीन रीजनचं फेडरेशन झालं, उत्तरेत हाउसा-फुलानींचा जोर, पश्चिमेत योरुबांचा, पूर्वेत इग्बोंचा. जमाती अडीचशेच्या वर, त्यामुळे तिव, एडो, इजॉ, इबिबिओ वगैरे लोक घाबरले की इंग्रज गेले की आपण कायमचे या तिघांच्या हाताखाली, आणि त्यांनी आपापली राज्यं मागितली. १९५७ मध्ये हेन्री विलिंक यांचं कमिशन नेमलं, त्यांनी देशभर फिरून लोकांचं ऐकून घेतलं आणि १९५८ च्या रिपोर्टात मान्य केलं की ही भीती खरी आहे. पण नवी राज्यं नकोत म्हणाले, कारण प्रत्येक नव्या सीमेच्या आत नवे अल्पसंख्याक तयार होतील. त्याऐवजी युरोपच्या मानवी हक्क कराराच्या धर्तीवर मूलभूत हक्क घटनेत घाला असं सुचवलं आणि ते घातलेही गेले.

मला वाटतं चूक इथेच झाली. मूलभूत हक्क चांगलेच, पण ते एकेका माणसाला कोर्टात जायला उपयोगी, आणि या लोकांना शाळा कुठे होणार, रस्ता कुठून जाणार हे ठरवण्यात वाटा हवा होता. त्यात १९५६ मध्येच इजॉंच्या ओलोइबिरी गावात तेल सापडलेलं!

१९६३ मध्ये मिड-वेस्ट हे एकच नवं रीजन झालं. १९६६ मध्ये लागोपाठ दोन लष्करी उठाव झाले, आणि २७ मे १९६७ ला लष्करी सरकारचे प्रमुख गोवॉन यांनी, जे स्वतः मिडल बेल्ट म्हणजे देशाच्या मधल्या पट्ट्यातल्या छोट्या जमातीतले, एका फटक्यात १२ राज्यं जाहीर केली. तीनच दिवसांनी पूर्वेने बियाफ्रा हा वेगळा देश घोषित केला आणि जानेवारी १९७० पर्यंत युद्ध चाललं. नायजर नदीच्या तेलवाल्या डेल्टातले बरेच छोटे समाज फेडरल बाजूने राहिले, ओगोनी जमातीतले लेखक केन सारो-विवा तर बॉनी बंदराचे प्रशासक होते. पण युद्धानंतर तेलाचा पैसा केंद्राकडे गेला, ज्या भागातून उत्पन्न येतं त्याला सुरुवातीला ५० टक्के मिळायचे ते घटत घटत अगदी थोडे उरले (१९९९ च्या घटनेत किमान १३ टक्के आहे). म्हणून १९९० मध्ये डेल्टातल्या ओगोनींनी स्वतःच हक्कांचा जाहीरनामा लिहिला, आणि १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी सरकारने त्यांचे नेते सारो-विवांना आणखी आठ जणांसोबत फाशी दिली. हे वाचताना आजही पोटात कालवतं.

दरम्यान १९७९ च्या घटनेत फेडरल कॅरेक्टर आलं, म्हणजे सरकारात सगळ्या राज्यांची माणसं दिसली पाहिजेत, आणि राष्ट्राध्यक्षाला दोन-तृतीयांश राज्यांत किमान पाव मतं हवीतच. कल्पना खरंच चांगली होती, एकाच जमातीच्या जोरावर कोणी देश ताब्यात घेऊ नये म्हणून. पण मग कोण कुठल्या राज्याचा हे ठरवावं लागलं आणि घटनेने ते आई-वडील, आजी-आजोबांच्या मूळ समाजावरून ठरवलं, तिथून ते सर्टिफिकेट प्रत्येक खिडकीवर मागायला लागले. १९९६ पर्यंत राज्यं ३६ झाली, इजॉंना बायेल्सा मिळालं आणि ओलोइबिरीही त्यातच आलं, पण डेल्टा आणि ओंडो राज्यांतले इजॉ अजून अल्पसंख्याकच आहेत. आणि १९९९ च्या घटनेतलं कलम ४२, जे विलिंकच्या त्या हक्कांमधूनच आलंय, जमात किंवा मूळ ठिकाण बघून भेदभाव करायला मनाई करतं, तरी ते सर्टिफिकेट मागतातच.