वाटणीत खरी मारामारी

पहिल्या महायुद्धानंतरची जर्मनीची नुकसानभरपाई म्हटलं की सगळे व्हर्सायचा तह आठवतात, पण १९१९ च्या त्या तहात एकूण किती द्यायचे हा आकडाच नव्हता. कारण जिंकलेल्यांचं आपापसातच जमेना. फ्रान्सचा उत्तर भाग पार उद्ध्वस्त झालेला, लांसच्या कोळसा खाणी जर्मनांनी पाण्याने भरून टाकल्या होत्या, त्यामुळे नुकसान मोजायचं तर सगळ्यात मोठं बिल त्यांचंच. ब्रिटनची जमीन मात्र जवळपास शाबूत, बुडाली ती जहाजं. आणि युद्धविरामाच्या वेळी ठरलेलं काय, तर फक्त नागरिकांचं नुकसान भरून द्यायचं! म्हणजे ब्रिटनच्या वाट्याला फारसं काही येत नव्हतं, आणि ब्रिटनचे पंतप्रधान लॉईड जॉर्ज तर डिसेंबर १९१८ ची निवडणूक जर्मनीकडून वसुली करू म्हणत जिंकून आलेले.

मग दक्षिण आफ्रिकेचे नेते स्मट्स यांनी युक्तिवाद काढला की सैनिक घरी परतला की तो नागरिकच, सबब त्याची पेन्शन आणि कुटुंबाचा भत्ता हेही नागरी नुकसान. वकिली डोकं! अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचे सल्लागार विरोधात होते तरी विल्सननी ते मान्य केलं. बिल फुगलं, पण जर्मनी देऊन देऊन देणार किती, त्यामुळे खरा फरक पडला तो वाटणीत.

टक्केवारी ठरली जुलै १९२० मध्ये, बेल्जियममधल्या स्पा गावी. फ्रान्स ५२, ब्रिटिश साम्राज्य २२, इटली १०, बेल्जियम ८, जपान आणि पोर्तुगाल पाऊण-पाऊण टक्का, उरलेलं सर्बिया, रुमानिया, ग्रीस वगैरेंना. बेल्जियमचा वाटा लहान दिसतो पण त्यांनी आधीच पहिला हप्ता आम्हाला असं वदवून घेतलं होतं, हुशार लोक. साम्राज्याच्या त्या २२ मधून भारताला किती, तर त्याचे १.२ टक्के, लाखो माणसं लढायला पाठवून.

एकूण आकडा आला मे १९२१ मध्ये, १३२ अब्ज सुवर्ण मार्क. त्यातले ८२ अब्ज 'सी' बाँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या कर्जरोख्यांच्या शेवटच्या गटात, जे कधी वसूल होतील असं करणाऱ्यांनाही वाटत नव्हतं, पण घरच्या मतदाराला मोठा आकडा दाखवायला बरे. यात अमेरिकेचा अजून एक गुंता, मित्रराष्ट्रांनी तिच्याकडून घेतलेलं कर्ज माफ करा म्हटलं तर ती ऐकेना, मग फ्रान्स म्हणणार जर्मनीने दिलं तरच आम्ही फेडू. १९२३ मध्ये फ्रान्स-बेल्जियमने वसुलीसाठी रुर या जर्मनीच्या औद्योगिक भागात सैन्य घुसवलं तेव्हा ब्रिटन सोबत गेलंच नाही.