अणुदहशतवाद प्रतिबंध : संशोधन आणि शासकीय धोरण

अणुबॉम्ब किंवा तो बनवण्याजोगे द्रव्य दहशतवादी गटांच्या हाती पडू नये म्हणून सरकारे जे कायदे, करार आणि तांत्रिक उपाय करतात, त्यांना अणुदहशतवाद प्रतिबंध म्हणतात. या कामात गुप्तहेरांइतकाच वाटा इंधन बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. बॉम्बची मूळ कल्पना आता कोणापासून लपलेली नाही. घोडे अडते ते द्रव्यापाशी. त्यातही उच्चसमृद्ध युरेनियमची, म्हणजे २० टक्के किंवा त्याहून जास्त युरेनियम-२३५ (सहज फुटणारा युरेनियमचा प्रकार) असलेल्या युरेनियमची, धास्ती अधिक; या प्रमाणालाच समृद्धी म्हणतात. हिरोशिमावर टाकलेल्या युरेनियम बॉम्बची रचना इतकी सरळ होती की त्याची आधी चाचणीही घेतली नव्हती.

हेच द्रव्य अमेरिका आणि सोव्हिएत संघाने अनेक देशांतल्या संशोधन अणुभट्ट्यांना इंधन म्हणून पुरवले. त्यातल्या कित्येक भट्ट्या विद्यापीठांच्या आवारात होत्या. १९७८ मध्ये शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत पर्यायी इंधनाचे काम सुरू झाले. समृद्धी कमी केली की भट्टी मंदावते. ही उणीव भरून काढायची तर तेवढ्याच जागेत जास्त युरेनियम ठासून भरावे लागते. युरेनियम सिलिसाइडच्या, म्हणजे युरेनियम आणि सिलिकॉनच्या संयुगाच्या, पट्ट्यांनी हे साधले. अमेरिकी अणु नियामक आयोगाने १९८६ मध्ये देशातल्या संशोधन भट्ट्यांना इंधन बदलण्याचा नियम केला आणि १९८८ मध्ये सिलिसाइड इंधनाला मान्यता दिली. मुंबईत तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही भारताची संशोधन भट्टी (१९५६) ब्रिटनकडून आलेल्या उच्चसमृद्ध इंधनावर चाले. ती २००९ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘अप्सरा-यू’मध्ये कमी समृद्धीचे सिलिसाइड इंधन आले.

संशोधनातून धोरण सरळ रेषेत येत नाही, हे दाखवणारे प्रकरण मात्र रुग्णालयांशी निगडित आहे. हाडांच्या आणि हृदयाच्या स्कॅनसाठी लागणारे टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य मॉलिब्डेनम-९९ या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यापासून मिळते. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य (निम्मे द्रव्य उरायला लागणारा वेळ) सुमारे ६६ तास, टेक्नेशियमचे जेमतेम ६; त्यामुळे साठा करून ठेवण्याची सोयच नाही. हे मॉलिब्डेनम उच्चसमृद्ध युरेनियमपासून काढले जाई. १९९२ मध्ये अमेरिकेने या युरेनियमच्या निर्यातीवर कडक अट घातली. २००५ मध्ये ‘रुग्णांचे हाल होतील’ हा युक्तिवाद चालला आणि अशा वैद्यकीय किरणोत्सारी द्रव्यांपुरती ती अट सैल झाली. गंमत अशी की त्याच कायद्यात या प्रश्नाचा अभ्यास करण्याचे कलमही होते. तो अहवाल २००९ मध्ये आला : कमी समृद्धीच्या युरेनियमपासून मॉलिब्डेनम बनवता येते आणि खर्चही फारसा वाढत नाही. पळवाट काढणाऱ्या कायद्यानेच ती बुजवणारा पुरावा मागवला होता. २०१३ च्या आरंभी नव्या कायद्यावर सही झाली, आणि जानेवारी २०२२ पासून या कारणासाठीची निर्यात थांबली.

याउलट १९९१ मध्ये अहवाल आणि कायदा यांत काही आठवड्यांचेच अंतर होते. कोसळत्या सोव्हिएत संघातल्या अण्वस्त्रांचे काय होणार, यावर हार्वर्डमध्ये अ‍ॅश्टन कार्टर आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबरमध्ये अभ्यास मांडला. सिनेटर सॅम नन आणि रिचर्ड लुगार यांनी तो उचलून धरला आणि १२ डिसेंबरला ती अण्वस्त्रे सुरक्षित करण्यासाठी ४० कोटी डॉलरपर्यंतच्या मदतीचा कायदा झाला. पुढे कार्टर संरक्षण खात्यात गेले आणि ती योजना त्यांनाच राबवावी लागली. अभ्यासकाला आपलाच सल्ला अमलात आणायला लागावा, असे क्वचित घडते. याच योजनेतून १९९४ मध्ये कझाकस्तानातल्या उल्बा कारखान्यातून सुमारे ६०० किलो उच्चसमृद्ध युरेनियम विमानाने अमेरिकेला हलवले गेले.

शोध कोणाच्या कामी येईल, हे मात्र शोध लावणाऱ्याच्या हातात नसते. म्युनिकजवळ गार्शिंग येथे २००४ मध्ये सुरू झालेल्या भट्टीने समृद्धी घटवण्यासाठी विकसित झालेले सिलिसाइड इंधनच घेतले, पण ९३ टक्के समृद्धीच्या युरेनियमसह, जास्त न्यूट्रॉन मिळावेत म्हणून. ती समृद्धी २०१० पर्यंत ५० टक्क्यांच्या आत आणायचे ठरले होते. ती मुदत पाळली गेली नाही.