झिंग आणणारं गाणं वेगळं, उभारी देणारं वेगळं

कुणी म्हटलं की 'मूड ऑफ आहे, फील-गुड गाणी सुचवा' की लगेच याद्या सुरू होतात, आणि त्यातली निम्मी गाणी निव्वळ नाचायची असतात. तिसऱ्या सेकंदाला ढिंच्याक सुरू, बेस इतका की छातीत धडधड. अहो, त्या माणसाचा मूड ऑफ आहे, त्याला नाचायला कुणी बोलावलेलं नाहीये.

मागे माझा एक दिवस फार वाईट गेला होता तेव्हा एका मित्राने मोठ्या प्रेमाने तीस गाण्यांची प्लेलिस्ट पाठवली. दुसऱ्याच गाण्याला मी इयरफोन काढून ठेवले. गाणी वाईट नव्हती, एरवी त्यातल्या चार-पाचांवर मी स्वतः पाय आपटत बसतो, पण त्या दिवशी कुणीतरी खांदे धरून गदागदा हलवतंय आणि 'हस की रे, हस की' म्हणतंय असं वाटत होतं.

झिंग आणणाऱ्या गाण्याबद्दल फार सांगायची गरज नाही, ते सगळ्यांना कळतं. ठेका साधारण 120 बीपीएमच्या (मिनिटाला पडणारे ठोके) आसपास किंवा वर, म्हणजे सेकंदाला दोन ठोके, जे आपल्या चालण्याच्या लयीशी बऱ्यापैकी जुळतं म्हणून पाय आपोआप हलतो. आवाज भरगच्च, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोशात. व्यायाम करताना, घर आवरताना, गाडी चालवताना झोप येत असेल तेव्हा उत्तम. माझं त्याच्याशी काही भांडण नाही.

भांडण आहे ते 'फास्ट म्हणजे आनंदी' या समजुतीशी. सिनेमातल्या पाठलागाच्या सीनचं संगीत आठवा. लय द्रुत, आवाज मोठा, आणि आपल्याला काय होतं? पोटात गोळा येतो. म्हणजे नुसत्या वेगाने अंग जागं होतं, ते आनंदाने की भीतीने की रागाने हे वेग ठरवत नाही. जेम्स रसेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1980 मध्ये भावनांचा जो नकाशा मांडला त्यात हे दोन अक्ष वेगवेगळेच आहेत, एकावर अंग किती चेतलंय ते आणि दुसऱ्यावर बरं वाटतंय की वाईट ते. स्पॉटिफायसुद्धा गाण्यांना 'एनर्जी' (किती जोश) आणि 'व्हॅलन्स' (किती आनंदी वाटतं) असे दोन वेगळे आकडे देत आलंय, दोन्ही 0 ते 1 मधले. मशीनला जो फरक कळतो तो आपण का पुसून टाकायचा?

आणि पाश्चात्त्य संगीतातलं मेजर (शुद्ध गंधाराचं) म्हणजे आनंदी, मायनर (कोमल गंधाराचं) म्हणजे दुःखी, हे पण जरा बाजूला ठेवा. शुद्ध गंधार जरा उजळ वाटतो हे मान्य, पण भैरवीत रे ग ध नी चारही कोमल, तरी तिच्यात हसरं, खेळकर, भरून आलेलं सगळं बसतं. त्यावर एवढंच पुरे.

आता मुद्द्याचं. झिंग ही पातळी आहे आणि उभारी हा चढ आहे. पातळी म्हणजे गाणं वर आहे आणि वरच राहतं. चढ म्हणायचा तर आधी खाली असायला लागतं, आणि लोक नेमकं हेच विसरतात. उभारी देणाऱ्या गाण्याचं सुरुवातीचं कडवं बहुतेक वेळा खालच्या सुरात असतं, एखादंच वाद्य, गाणारा जवळपास बोलल्यासारखा गातोय, शब्दही 'सगळं मस्त चाललंय' असे नसतात. कुठेतरी कबुली असते की बाबा जड जातंय. मग चाल हळूहळू वर सरकते, ताल येतो, आणि ध्रुवपदाला आवाज एकदम उघडतो. ऐकणारा त्या गाण्याबरोबर खालून वर आलेला असतो. वाईट दिवशी आपण खालीच असतो ना, मग जे गाणं माळ्यावर उभं राहून 'वर ये, वर ये' ओरडतंय ते काय कामाचं, आपल्याला खाली येऊन हात धरणारं हवं असतं.

हे पटत नसेल तर एक करून बघा. मोठ्याने म्हणा: सा रे ग म प ध नी. आणि नीवरच थांबा. वरचा सा घ्यायचा नाही. होतेय ना चुळबुळ? आता तो नी तसाच लांबवा, तीन-चार सेकंद, आणि मग सा लावा. तो जो सुटल्याचा फील आहे ना, उभारी देणाऱ्या गाण्यातली निम्मी जादू तिथे आहे. झिंगवाली गाणी दर दोन सेकंदाला सा देऊन टाकतात, वाट बघायला लावतच नाहीत. तबल्यातली तिहाई ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तोच तुकडा तीनदा येतो, आपण मनात मोजत असतो, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावर जी मान डोलते ती वेगामुळे नव्हे, वाट बघण्यामुळे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांना 2011 मध्ये असंच काहीसं दिसलं: लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं तर डोपामिन (मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन) त्या क्षणाला सुटतंच, पण त्याच्या आधीच्या वाट बघण्यातही सुटतं, मेंदूच्या वेगळ्या भागात.

यामुळेच 'संथ गाण्याने काय मूड येणार' हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. 65-70 बीपीएमचं गाणं आरामात उभारी देतं. (बीपीएम दाखवणारी ॲप्स अशा गाण्याला कधीकधी 140 पण दाखवतात, कारण ती दुप्पट मोजतात, तेव्हा त्या आकड्यावर भांडू नका.)

माझी ओळखायची पद्धत अशी: बीट काढून टाका आणि गाणं एकट्याने, हळू गुणगुणा. तरी घशात काहीतरी भरून येतंय का? आलं तर उभारीचं. बीटबरोबर गाणंच गायब झालं तर झिंगचं. शेवटच्या कोरसला पट्टी अर्धा स्वर वर ढकलायची ती एक युक्ती असते, तिला मात्र फसू नका, आधी काही बांधलेलंच नसेल तर ते नुसतं किंचाळणं वाढवणं आहे.

कोरसवरून आठवलं, ध्रुवपदाला अनेक आवाज एकत्र येतात तेव्हा तेही उगाच नसतं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार वगैरेंनी 2012 मध्ये दाखवलं की गाणं-नाचणं-वाजवणं यात स्वतः भाग घेतला की वेदना सहन करायची क्षमता वाढते, नुसतं ऐकून तसं होत नाही. म्हणून ज्या ध्रुवपदात आपल्याला सूर मिसळता येतो, फार उंच नाही, फार हरकती नाहीत, ते जास्त लागू पडतं. बेसूर असलात तरी गा.

आठवणींमुळे आवडणारी गाणी हा तिसराच प्रकार, कॉलेजात ऐकलेलं टुकार गाणंही आज गोड वाटतं, तिथे माझा नियम चालत नाही.

आणि रील्सनी तर पुरतं वाटोळं केलंय. पंधरा सेकंदात थेट ध्रुवपद, आधीचं कडवं कापलेलं. चढ कापून नुसतं शिखर दाखवलं की उभारीचं गाणंसुद्धा झिंगचं होऊन बसतं, आणि मग लोक म्हणतात की पूर्ण गाणं ऐकलं तर सुरुवात बोअर आहे. अरे, ती सुरुवातच तर हवी आहे.

त्या मित्राला मी नंतर हे सगळं ऐकवलं, तो थोडा वैतागला. पण हल्ली प्लेलिस्ट पाठवायच्या आधी विचारतो, पळायला चाललायस की दिवस वाईट गेलाय.